टिपणीसकाकांचा डावा पाय

गाडी बंद पडली की माणसं कपाळाला हात लावतात. आमच्या बिल्डिंगमधले टिपणीसकाका टाळी वाजवायचे.

डोंबिवलीत आमची चार मजली बिल्डिंग आहे. तिच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी, दूधवाला येऊन गेला की, काका आपल्या पांढऱ्या छोट्या गाडीत जाऊन बसत. इंजिन चालू करत, जरा वेळ गुरगुरू देत. मग गाडीला एक हिसका बसायचा, धप् असा आवाज व्हायचा आणि सगळं शांत. त्या शांततेत काकांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत पोचायचा, "बंद पडली! शाब्बास!"

तळमजल्यावर नव्याने भाड्याने आलेले एक गृहस्थ पहिल्याच दिवशी बनियनवर धावत बाहेर आले. "काका, धक्का मारू का?" त्यांनी विचारलं. काकांनी काच खाली केली आणि म्हणाले, "कशाला? इतकी छान बंद पडलीये की!" ते गृहस्थ त्यानंतर बरेच दिवस काकांशी जपून बोलत.

खरं तर ती काकांची तपासणी होती. त्यांनी ती मला इतक्या वेळा समजावली आहे की मी झोपेतही म्हणून दाखवीन. हँडब्रेक घट्ट ओढायचा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची, किंचित अॅक्सिलरेटर द्यायचा आणि क्लचवरचा डावा पाय पूर्ण काढायचा. चाकं जखडलेली असतात, त्यामुळे क्लचने इंजिनाला नीट धरलेलं असेल तर इंजिन गुदमरून बंद पडणारच. बंद न पडता मजेत चालू राहिलं तर समजायचं, क्लच घसरतोय. म्हणजे इंजिन आपलं फिरतंय आणि चाकांना त्याचा पत्ताच नाही. "बंद पडणं हीच तब्येतीची खूण," काका म्हणत. पण रोज कशाला तपासायचं, असं मी एकदा विचारलं. "तू रोज आरशात बघतेस ना?" काका म्हणाले. रोज तपासूनच एक दिवस तो क्लच खराब होईल, असं माझा नवरा बोलून गेला, तेव्हा काका त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

काका ठाण्याला कोलशेतच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. समोर येईल त्या नगावर हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने शिक्के ठेवून घेतले, पण सवय काकांबरोबर घरी आली. मंडईत भेंडीचं टोक मोडून ते भाजीवालीला "पास" असं सांगायचे. माझे पोहे त्यांनी एकदा "पास, पण काठावर" केले होते. मला राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी मी लिंबू जास्त पिळलं, हेही खरं.

जगातल्या बहुतेक बिघाडांचं त्यांचं निदान एकच होतं. "आवाज वाढतोय, वेग वाढत नाही. घसरतोय." सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलं की काका मागच्या खुर्चीवरून हे वाक्य टाकत. शेजारच्या एखाद्या बापाने पोराला अभ्यासावरून झापलं तरी हेच. माझ्या मिक्सरने चटणी वाटायचं नाकारलं, तेव्हा ते कान लावून ऐकत राहिले आणि म्हणाले, "माधुरी, हा तर आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा घसरतोय." मिक्सरची नुसती वायर सैल होती, असं नंतर कळलं. काकांचं निदान दर वेळी बरोबरच यायचं असं नाही, पण ते कायम ठाम असायचं.

घसरणाऱ्या क्लचला जळका, आंबूस वास येतो, असं त्यांचं म्हणणं. त्या वासाच्या मागावर ते कुठेही जात. तिसऱ्या मजल्यावरच्या बारशाला बायका पाळणा म्हणत असताना काकांनी नाक वर केलं आणि भर पाळण्यात विचारलं, "खाली कोणाची गाडी आहे? क्लच जळतोय!" चार पुरुष किल्ल्या घेऊन जिन्याने धावले. काका पुढे. खाली सगळ्या गाड्या थंडगार उभ्या होत्या. जळत होती ती स्वयंपाकघरातली बासुंदी, आणि तिच्याकडे बघायला कोणी उरलंच नव्हतं. काकांनी मात्र हार मानली नाही. जळतंय एवढं तर मी ओळखलं, असं ते म्हणत राहिले.

मला गाडी शिकवली ती त्यांनीच. मी शाळेत भूगोल शिकवते आणि मुलांवर ओरडण्याची मला सवय आहे, पण त्या महिनाभरात मी इतकी बोलणी खाल्ली की माझ्या विद्यार्थ्यांबद्दल माझ्या मनात माया उत्पन्न झाली. काकांच्या हातात वर्तमानपत्राची सुरळी असे. माझा डावा पाय क्लचवर उगाच रेंगाळला की ती गुडघ्यावर बसे. "पाय काढ! काम झालं की पाय काढायचा. क्लचवर पाय ठेवून बसणारा माणूस भित्रा असतो. त्याला गाडी पुढेही न्यायची नसते आणि थांबवायचीही नसते." मी म्हणायची, "काका, समोर रिक्षा आहे हो!" ते म्हणायचे, "असू दे. रिक्षा कायम असणारच आहे."

आता हसू येतं, पण पुढे एक आठवडा असा आला की त्याबद्दल मला आजही हसता येत नाही.

शैलाकाकू, म्हणजे काकांची बायको, बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून घरात काका आणि त्यांची मुलगी केतकी, अशी दोघंच. केतकी जनावरांची डॉक्टर. उंच, कमी बोलणारी, हातांना कायम साबणाचा वास. "तिच्याही पेशंटना बोलता येत नाही आणि माझ्याही," असं काका अभिमानाने सांगत. कल्याणमध्ये एका दवाखान्यात ती कुत्र्या-मांजरांना इंजेक्शनं द्यायची, पण तिचा जीव गाई-म्हशींत. आणि एक दिवस तिला सिन्नरकडच्या एका दूध डेअरीत नोकरी लागली. आजूबाजूच्या खेड्यांत फिरून जनावरं बघायची. अट एकच, स्वतःची चारचाकी हवी, कारण औषधांच्या पेट्या घेऊन आडरस्त्याला फिरायचं होतं.

काकांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. जिन्यात सगळ्यांसमोर छाती पुढे काढून म्हणाले, "माझी गाडी तिची! कसारा घाट अशी चढेल की बघत राहाल." सोमवारी सकाळी तिने तिथे हजर व्हायचं होतं. मधे एक आठवडा होता.

पेढे संपले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पार्किंगमधून शाब्बास ऐकू आलं नाही. इंजिन गुरगुरत राहिलं, गुरगुरतच राहिलं. मी खिडकीतून डोकावले. काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. त्यांनी वर पाहिलं, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "माधुरी, घसरतोय."

या वेळी मला हसू आलं नाही. कसारा घाट मी मुलांना नकाशात दाखवते, आणि खरा घाटही पाहिलेला आहे. चढावर मागेपुढे ट्रक, एका बाजूला दरी आणि अशा वेळी इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पोर एकटी जाणार होती.

कल्याणजवळ शहाडला, नदीच्या अलीकडे बाळाराम म्हात्रेचं गॅरेज आहे. बाळाराम तिथलाच, जुन्या आगरी कुटुंबातला. गॅरेजच्या मागची जमीन त्याची, गॅरेज म्हणजे हौस. तो कधी घाई करत नाही, कारण त्याला घाई करायचं कारणच नाही. काका गाडी घेऊन गेले. बाळारामने आत बसून तीच तपासणी केली. धप्. गाडी बंद पडली.

"काका, गारीला कय नाय झालाय," तो म्हणाला. "कला उगाच घाबरता?"

काका घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये पुन्हा गाडी बंद पडेना. दातांच्या डॉक्टरकडे गेलं की दाढ दुखायची थांबते, तसंच हे, असं मला वाटलं. काका पुन्हा शहाडला. बाळारामकडे पुन्हा धप्. तिसऱ्या खेपेला काका म्हणाले, "माझ्यावर विश्वास नसेल तर पुलावर चला." मला शाळेला सुट्टी होती. मी मागे बसले, केतकी काकांच्या शेजारी आणि बाळाराम माझ्या बाजूला, तोंडात बडीशेप घेऊन.

शहाडचा उड्डाणपूल काही मोठा चढ नाही. पण गाडी अर्ध्यावर आली आणि इंजिन किंचाळायला लागलं. काका अॅक्सिलरेटर दाबत होते, आवाज वाढत होता आणि गाडी मात्र गोगलगाईसारखी. मागून एसटीवाला हॉर्नवर हात ठेवूनच उभा राहिला. गाडीत जळका वास पसरला. मी पुढची सीट घट्ट धरली.

"बघितलंस?" काका केतकीला म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "आवाज वाढतोय, वेग वाढत नाही."

केतकी समोर रस्त्याकडे बघत होती. "हो बाबा," एवढंच म्हणाली.

बाळाराम बडीशेप चावत राहिला. खाली उतरल्यावर म्हणाला, "बरा, घसरतोय तं घसरतोय. प्लेट बदलून टाकू. पण आता नाय हा. भाचीची हळद हाय, गॅरेज बंद. मंगलवारी आना."

आमच्याकडे आगरी हळद म्हणजे लग्नाहूनही मोठा, दिवसचे दिवस चालणारा सोहळा असतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना बाळारामशी वाद घालण्यात अर्थ नाही हेही माहीत आहे. दुसऱ्या गॅरेजमध्ये काका जायला तयार नव्हते. परक्याच्या हातात गाडी देणार नाही म्हणाले. केतकीने डेअरीत फोन केला. पलीकडून कोणीतरी शांतपणे सांगितलं की सोमवारी गाडीसकट येणं जमत नसेल तर यादीतल्या पुढच्या नावाला कळवतो. ती फोनवर बोलत होती तेव्हा मी त्यांच्या दारातच उभी होते. काका सोफ्यावर बसून पंख्याकडे बघत होते. पंखाही घसरतोय असं आज म्हणाले नाहीत.

त्या दिवसांत माझ्या हातून एकही भांडं नीट घासलं गेलं नाही. मी नवऱ्याला म्हणायची, आपली स्कूटर विकून तिला भाड्याने गाडी घेऊन दिली तर? तो म्हणायचा, तू शांत बस. मी कसली शांत बसतेय! केतकीला जाऊन विचारायची, मग काय ठरवलंस? ती म्हणायची, "बघते ना, ताई."

शनिवारी मी मेथीची भाजी डब्यात घालून खाली उतरले. काका गाडीत बसले होते, उकाड्यामुळे ड्रायव्हरकडचं दार सताड उघडं. केतकी बॉनेटवर हात ठेवून उभी होती, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. तपासणी चालली होती. हँडब्रेक वर, गिअर तिसरा. "हे बघ, पाय काढला," काका म्हणाले. इंजिन चालूच. "बघ, घसरतोय."

मी जिन्याच्या बाजूने आले होते. उघड्या दारातून मला सगळं खाली दिसलं. काकांचा डावा पाय क्लचवरच होता. अर्धा दाबलेला.

काकांनी मान वळवली आणि मला पाहिलं. माझी नजर कुठे आहे तेही पाहिलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा. पण त्या क्षणी मला फक्त हातातला मेथीचा डबा आठवला. परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलाचा चेहरा मी पुष्कळदा पाहिला आहे. पण त्या मुलांना पुढे कधीतरी विसरायला वेळ असतो. काकांचा चेहरा बघून मला रडूच आलं असतं. मी डबा बॉनेटवर ठेवला आणि "मेथी आहे, गरम आहे तोवर खा," असं काहीतरी म्हणून वर पळाले.

दुपारी केतकी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी गेले आणि बादलीतला टॉवेल उचलून पिळायला लागले. तीच म्हणाली, "तुम्ही पाहिलंत ना ताई?"

"तुला माहितेय?"

"पहिल्याच दिवशी कळलेलं. बाबा भाजी आणायला गेलेले, तेव्हा मी खाली जाऊन टेस्ट करून पाहिली. पाय काढला, गाडी धाडकन बंद पडली." तिने काकांचा शर्ट झटकून दोरीवर टाकला. "क्लच उत्तम आहे."

"अगं मग बोल ना! उद्या रविवार आहे!"

"मी बोलले तर ते खजील होतील. आणि मग मी इथून जाईन ती त्यांना खजील करून जाईन. आई गेल्यापासून बाबा एक रात्रही घरात एकटे राहिलेले नाहीत. मला यायला उशीर झाला की खाली गाडीत बसून असतात. विचारलं की म्हणतात, बॅटरी चार्ज करतोय." ती हसली, पण हसू काही टिकलं नाही. "त्यांनीच सांगायला हवं. मी उद्यापर्यंत थांबणार."

"आणि नाही सांगितलं तर?"

ती चिमटे लावत राहिली. मला त्या मुलीचा राग आला आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. नोकरी हातातून जायची वेळ आली होती आणि ही बापाच्या मनाला जपत चिमटे लावत होती.

रविवारी सकाळी काकांनीच माझी बेल वाजवली. अंगात सदरा उलटा. "माधुरी, जरा खाली येतेस?" म्हणाले. गाडीशी जाऊन त्यांनी बॉनेट उघडलं.

"वास घे."

मी वाकले. जळका, आंबूस वास. थोडासा, पण होता.

"हा खरा आहे," काका म्हणाले. "आठवडाभर पाय ठेवून ठेवून मीच... पुलावर तर किती ताणला. माधुरी, मी कारखान्यात एवढी वर्षं काढली. दबाव आले, लोक घरी आले, पण खोटा शिक्का कधी मारला नाही. आणि चांगला माल रिजेक्ट केला तो कोणाचा? स्वतःच्या मुलीचा. आणि आता जर खरंच प्लेट गेली असेल, आणि ती या गाडीत घाटात..."

माणूस खोटं बोलतो आणि मग ते खरं ठरेल म्हणून घाबरतो, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तपासून बघा ना," मी म्हटलं.

"मी नाही बसणार. माझ्या पायाचा मलाच भरवसा नाही."

मी केतकीला हाक मारायला तोंड उघडलं, पण ती जिन्याच्या पायरीवर येऊन उभीच होती. काकांनी तिच्याकडे बघून किल्ली पुढे केली.

"केतू, मी क्लचवर पाय ठेवत होतो."

"ठाऊक आहे बाबा."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

काका गाडीला वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले, दोन्ही हात मांड्यांवर. केतकी स्टिअरिंगवर. मी बाहेर उभी, पदर तोंडाशी धरून. तिने हँडब्रेक ओढला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिनाचा आवाज थोडा चढला. तिने पाय काढला. एक क्षणभर इंजिन चालू राहिलं, निदान मला तसं वाटलं. मग गाडीला असा हिसका बसला की काकांचं डोकं समोर आपटता आपटता वाचलं.

काकांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "पुन्हा कर." तिने पुन्हा केलं. पुन्हा बंद. "बस, आता नको," काका म्हणाले. "जास्त केलं तर खराब होईल." माझा नवरा वर खिडकीत उभा होता. त्याने हे ऐकलं आणि तो काहीही बोलला नाही, याबद्दल मी त्याला आजही मानते.

दुपारच्या आत ती निघाली. औषधांच्या पेट्या, गाद्या, एक स्टोव्ह. काका म्हणाले, घाट चढेपर्यंत मी बरोबर येतो, इगतपुरीला उतरेन, रेल्वेने परत येईन. केतकीने बरं म्हटलं. कसाऱ्याच्या पुढे फोन लागेना, त्यामुळे सगळी दुपार मी फोन मांडीवर घेऊन बसले. मुलांच्या उत्तरपत्रिका समोर होत्या आणि गंगेला मी कुठल्या कुठे नेऊन सोडलं देव जाणे. वास थोडा येत होता ना, हेच डोक्यात. थोडा म्हणजे किती थोडा? सूर्य पश्चिमेला उतरला तेव्हा फोन वाजला.

"पोचले ताई," केतकी म्हणाली. मागे म्हशी ओरडत होत्या. "गाडी एकदम मस्त चढली. फक्त बाबा घाटभर डावा पाय खाली दाबून बसलेले. तिकडे क्लच नाही म्हटलं, तरी दाबतच होते." मग म्हणाली, "इगतपुरीला उतरले. दार लावलं. मी निघणार तर परत उघडलं. म्हणाले, नीट लागलं नव्हतं. असं किती वेळा. शेवटी मीच म्हटलं, बाबा, लागलंय. मग लावलं. ताई, ते आले का?"

"येतील. तू काळजी करू नकोस," मी म्हटलं, आणि फोन ठेवून स्वतः करायला लागले.

दिवेलागणीला जिन्यात पावलं वाजली. हळू, प्रत्येक मजल्यावर थांबत. मी दार उघडलं. काका समोरच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या दाराशी उभे होते, हातात पिशवी, पिशवीत इगतपुरीहून आणलेली करवंदं. केस धुळीने पांढरे, मूळचे होते त्याहून जास्त.

"कसा होता क्लच?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार.

"उत्तम," ते म्हणाले. "ती चालवते छान. पाय ठेवत नाही." मग ते दाराकडे बघत राहिले. कुलूप लावलेलं होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, कुलपाजवळ नेली आणि परत खाली घेतली.

"माधुरी," ते म्हणाले, "हसू नकोस हं. अंधार पडल्यावर या घराचं कुलूप मी कधी काढलेलं नाही. आधी शैला असायची, मग केतू. मी बेल वाजवायचो." त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "तू काढतेस?"

मी हसले नाही. किल्ली घेतली, कुलूप काढलं, त्यांच्या आधी आत गेले आणि दिवा लावला. स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी पेल्यात ओतलं. मग दारात येऊन, केतकी म्हणाली असती तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "आलात बाबा? पाणी घ्या."

माझ्या तोंडून बाबा कसं आलं मला माहीत नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, चपला काढून भिंतीशी नीट ओळीत लावल्या आणि घरात आले.